वर्गणी वाढवा, आणि मग हिशोबाला बसा

सरळच लिहितो. आपण मराठी ख्रिस्ती लोक चर्चला फार कमी देतो. ज्यांच्याकडे खरंच नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये, त्यांच्यावर पुढे येतोच. मी बोलतोय ते तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांच्या घरात एक तरी पगार येतो, दारात बाईक आहे किंवा कार आहे, पोरांच्या क्लासला वर्षाला पन्नास-साठ हजार जातात, आणि रविवारी गायनाच्या तिसऱ्या कडव्याला ती मखमली थैली लाकडी दांड्यावरून पुढे आली की हात खिशात जाऊन बरोबर दहाची नोट शोधून काढतो. न बघता शोधतो, हे विशेष. मग नोट मुठीत दाबायची, मूठ थैलीत पार मनगटापर्यंत घालायची म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही, आणि परत गायन सुरू. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये ही शिकवण आपण एवढ्या एकाच ठिकाणी तंतोतंत पाळतो.

दहा रुपये गुणिले बावन्न रविवार, ५२० रुपये. एकही रविवार चुकला नाही तर. एवढ्यात मोबाईलचे दोन रिचार्जसुद्धा धड होत नाहीत.

थैलीत टाकतो ते अर्पण वेगळं आणि सभासद म्हणून भरतो ती वर्गणी वेगळी, हे मला माहीत आहे. पण वर्गणीची गोष्ट तर अजून अवघड आहे. बऱ्याच चर्चमधे वर्गणीचा दर कधीकाळी कुठल्यातरी जनरल बॉडीत ठरला, कुटुंबाला महिना पन्नास नाहीतर शंभर, आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. या काळात शिक्षकाचा पगार किती पट झाला, नर्सचा किती झाला, एमआयडीसीतल्या फिटरचा किती झाला ते ज्याचं त्यानं बघावं. दर वाढवायचा विषय निघाला की कमिटीतलं कोणीतरी म्हणतं, अहो लोक आहे तीच भरत नाहीत आणि तुम्ही वाढवायला निघालात. विषय संपला, चहा आला.

एकदा कागदावर मांडून बघा म्हणजे कळेल. समजा १५० कुटुंबांची मंडळी आहे, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातली. वर्गणी महिना १००. सगळ्यांनी भरली तर १५ हजार, पण भरतात निम्मे म्हणून साडेसात. रविवारचं अर्पण आठवड्याला तीन हजार धरा, म्हणजे महिन्याला बारा. झाले साडेएकोणीस हजार. यातून धर्मप्रांताला, म्हणजे बिशपच्या कार्यालयाला, असेसमेंट (मंडळीनं भरायचा ठरलेला वाटा) जायचं, ज्यातून पाळकांचा पगार निघतो, यातूनच लाईटबिल, चर्च झाडणाऱ्या सेवकाला काहीतरी, संडे स्कूलचा खाऊ आणि पुस्तकं, साउंड सिस्टीमची दुरुस्ती (ती कायम बिघडलेलीच असते), कबरस्तानाची पडलेली भिंत. होत नाही ना? मग काय होतं, तर असेसमेंट थकतं. ते थकलं की पगार थकतो, दोन महिने, चार महिने. मग पाळकसाहेबांच्या बाई कुठल्यातरी शाळेत तुटपुंज्या पगारावर जातात तेव्हा त्यांच्या घरात गॅस येतो, आणि आपण रविवारी दारात हात मिळवून विचारतो, सलाम पाळकसाहेब, बरं आहे ना. ते म्हणतात देवाची कृपा आहे. दुसरं काय म्हणतील.

आता उलट मांडा. त्याच १५० पैकी निम्म्या, म्हणजे ७५ कुटुंबांचं उत्पन्न सरासरी महिना तीस हजार धरा, आणि त्यांनी दहा टक्के नको, पाच नको, फक्त दोन टक्के दिले. कुटुंबामागे ६००. झाले ४५ हजार, आणि बाकीच्या ७५ कुटुंबांकडून तुम्ही एक रुपयाही धरलेला नाही. म्हणून मंडळी गरीब आहे हे कारण मला पटत नाही. मंडळीत गरीब लोक आहेत हे खरं आहे, पण ते वाक्य वेगळं आहे.

पण लाईटबिल भरलं जावं एवढ्यासाठी मी हे लिहीत नाहीये. माझं म्हणणं असं आहे की चर्च ज्याच्या पैशावर चालतं त्यालाच ते उत्तर देतं. बाकी घटना, ठराव, कमिट्या सगळं बरोबर आहे, पण शेवटी ज्याच्या हाती ससा तो पारधी. आणि आपल्या मराठी चर्चचा इतिहास बघितला तर ससा मंडळीच्या हातात फार कमी वेळा होता.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मधे मुंबईला उतरले, १८३१ मधे नगरला आले. पुढे शाळा झाल्या, बोर्डिंग झाली, चर्चं झाली, १८४२ मधे 'ज्ञानोदय' निघालं, आणि या सगळ्याचा खर्च बोस्टनहून, मिशनची मूळ संस्था अमेरिकन बोर्ड तिच्याकडून यायचा. शाळामास्तर, बायबल सांगणारे, पाळक, सगळे मिशनच्या पगारावर. आपल्या पूर्वजांना याबद्दल दोष देण्यात काही अर्थ नाही, बहुतेक मंडळी महार-मांग वस्तीतून आली होती, १८७६-७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा शतकाच्या शेवटच्या दुष्काळात आली, ज्यांना स्वतःची जमीन नाही, गावाच्या विहिरीवर पाणी नाही, ते काय वर्गणी देणार. पण गंमत म्हणजे खुद्द बोस्टनवाल्यांनाच हे खटकत होतं. १८५४-५५ मधे अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन स्वतः भारतात येऊन गेले, आपल्या नगरच्या मिशनची पाहणीही त्यांनी केली. त्यांचा धोशा एकच होता, की इथल्या मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि सुवार्ता आपण सांगावी. तीन गोष्टी. पहिली आपल्याला लगेच आवडली, कारभार कोणाला नको असतो. दुसरी मात्र आपण पुढे ढकलली ती आजपर्यंत ढकलतोय.

पैसा बोस्टनचा म्हटल्यावर हिशोबही बोस्टनलाच जायचा. पाळक मंडळीचा कमी आणि मिशनचा जास्त. या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना झाला त्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळक होते. १८९५ मधे बाप्तिस्मा, नंतर वीसेक वर्षं मिशनच्या कामात, आणि १९१७ मधे, तब्येत खालावलेली, वय पन्नाशीच्या पुढे, अशा वेळी ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ काढला. दोन वर्षांत ते गेले, दरबार त्यांच्या मनासारखा वाढला नाही. आपण त्यांची भजनं दर रविवारी डोळे मिटून म्हणतो. ते पगार का सोडून गेले हे मात्र चर्चमधे कोणी सांगत नाही. कारण सांगितलं तर पुढचा प्रश्न आपल्यालाच येणार ना.

मग परदेशी मिशन गेली. १९७० मधे २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा चर्चं एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं. आता मालक आपण. पण मिशन जाताना मागे काय ठेवून गेली, तर जमिनी आणि बंगले. एकेकाळी गावाबाहेर असलेली ती कंपाउंडं आज शहराच्या मधोमध आली आहेत, रोडटच. आणि आपली सवय तीच राहिली, आयजीच्या जिवावर बायजी उदार. आधी आयजी बोस्टनला होती, आता आयजी म्हणजे कंपाउंडच्या कडेचे दुकानगाळे, शाळेचं ग्राउंड लग्नाला भाड्यानं, आणि त्याही पुढे जाऊन 'डेव्हलपमेंट'.

इथं जरा थांबतो कारण मुद्दा इथंच आहे. ज्या चर्चचा खर्च भाड्यावर चालतो तिथं सभासदाचं कोण ऐकणार? तुम्ही पन्नास रुपये देता, गाळेवाला महिन्याला पंचवीस हजार देतो. कमिटीची मीटिंग कोणासाठी लवकर उरकते ते बघा. आणि जमिनीचा विषय निघाला की ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी दिली नाही तेसुद्धा उभे राहून आमच्या वाडवडिलांची जमीन म्हणून ओरडतात, आणि समोरचा शांतपणे वर्गणीचं रजिस्टर काढतो. ट्रस्टची जमीन विकायची तर सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, मंजूर. पण परवानगीच्या अर्जाला हरकत घ्यायला वकील लागतो, वकिलाला फी लागते, आणि ती फी द्यायला मंडळीकडे पैसे नसतात. मालमत्तेच्या केसेस किती वर्षं चालतात ते आपल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. गुजरातच्या ब्रदरन चर्चची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, निकाल २०१३ ला लागला, कोर्टानं सांगितलं की आम्ही सीएनआयमधे मर्ज झालो असा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप तिकडे जात नाही. एकत्र आले १९७० ला, उत्तर मिळालं २०१३ ला. या ४३ वर्षांत दोन्ही बाजूंच्या वकिलांना जेवढं मिळालं असेल त्याचा दशमांश तरी पाळकांना मिळाला असता का, असा विचार मनात येऊन जातो.

चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीचं तर बोलायलाच नको. वर्गणी भरलेली नसेल तर मत नाही असा नियम बहुतेक ठिकाणी आहे आणि तो चांगलाच आहे. पण होतं काय, तीन-तीन वर्षं बाकी असलेल्या ऐंशी-नव्वद लोकांची वर्गणी निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एका दुपारी भरली जाते. पावत्या ओळीनं नंबरवार, सगळ्या एकाच पेननं. कोणी भरली हे सगळ्यांना माहीत असतं. तुमची वर्गणी दुसऱ्यानं भरली म्हणजे तुमचं मतही त्यानंच घेतलं, यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. वर्षाला बाराशे रुपये स्वतःच्या खिशातून न देण्याची ही किंमत आहे.

आता नेहमीचं उत्तर येणार. आधी हिशोब दाखवा मग देतो. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय आणि त्यातले बरेच जण प्रामाणिक आहेत. त्यांची शंका खरी आहे, कुठं ना कुठं प्रत्येकानं काहीतरी बघितलेलं असतं, नाताळच्या मंडपाचं बिल, रंगकामाचं बिल, लग्नाच्या हॉलचं डिपॉझिट जे पुस्तकात कधी चढलंच नाही. पण आधी हिशोब मग पैसे, हा क्रम व्यवहारात कधीच चालत नाही, कारण न देणाऱ्याला हिशोब द्यायला कोणी बांधील नसतं. ज्यानं बाराशेची पावती खिशात ठेवलीय तो जनरल बॉडीत उभा राहून विचारतो तेव्हा खजिनदाराला घाम येतो. ज्यानं काहीच दिलं नाही तो विचारतो तेव्हा बाकी सगळे हसतात. म्हणून मी म्हणतो दोन्ही एकदम करा. द्या, आणि त्याच दिवशी विचारा.

आणि विचारणं म्हणजे पाळकांचा अपमान किंवा अविश्वास असं जे वातावरण आपल्याकडे आहे ते तर पवित्र शास्त्रालाच धरून नाही. प्रेषित पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून पैसे गोळा केले तेव्हा काय केलं? करिंथकरांना पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात सांगितलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या कमाईच्या मानानं बाजूला काढून ठेवा, आणि रक्कम घेऊन जायला माणसं तुम्हीच पसंत करा. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर स्पष्टच आहे, एवढी मोठी देणगी आपल्या हातात आहे, कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आहे. म्हणजे प्रेषित असून त्यानं एकट्यानं पैशाला हात लावला नाही. आणि आपल्याकडे थैल्या व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत जातात, दार लोटलं जातं, आणि पाच मिनिटांनी एकच माणूस आकडा सांगतो! दोघांनी मोजायचं, रजिस्टरवर दोघांची सही, पुढच्या रविवारी आकडा बोर्डावर. याला ना ऑडिटर लागतो ना सॉफ्टवेअर. दहा रुपयांचा खडू लागतो.

दशमांशाबद्दलही, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याबद्दलही, बोलतो कारण त्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो जानेवारीत, पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या जागेवरून, बायबलमधल्या मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला जातो, तुम्ही देवाला ठकवता वगैरे. लोक मान खाली घालून ऐकतात आणि पुढच्या रविवारी परत दहाच रुपये. एक तर भीती घालून घेतलेला पैसा एका महिन्यापुरताच येतो. दुसरं म्हणजे मलाखी तिसऱ्या अध्यायापासून सुरू होत नाही ना. पहिले दोन अध्याय वाचा, बहुतेक मारा याजकांवर आहे, तुम्ही वेदीवर आंधळी-लंगडी जनावरं आणता, तुम्ही लोकांना अडखळवलं. ते वाचून मग तिसरा वाचला असता तर लोकांनी कान टवकारले असते. आणि बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशावर लेव्याबरोबर परका, अनाथ आणि विधवा यांचाही हक्क सांगितलाय. आपल्या बजेटमधे मंडळीतल्या विधवांसाठी किती रक्कम आहे, यावर प्रवचन ऐकल्याचं कोणाला आठवतंय का?

दहा टक्क्यांचा आकडा ख्रिस्ती माणसावर कायदा म्हणून लागू आहे की नाही यावर मला वाद घालायचा नाही. माझं मत नाही असं आहे, पौल 'कमाईच्या मानानं' म्हणतो आणि तिथंच थांबतो. पण दहा टक्के लागू नाही म्हणून अर्धा टक्काही द्यायचा नाही, हा जो सोयीस्कर अर्थ आपण काढलाय तो मात्र कुठल्याच शास्त्रात नाही.

गंमत अशी की दशमांश देणारे आपल्यात आहेत, फक्त ते आपल्याला देत नाहीत. सकाळी जुन्या चर्चला येऊन दहा रुपये टाकणारं कुटुंब संध्याकाळी हॉलमधल्या फेलोशिपला जातं आणि तिथं पगाराचा दहावा भाग पाकिटात घालून देतं, नाव लिहून. आपले एल्डर, म्हणजे मंडळीतले वडीलधारे पुढारी, याच्यावर चिडतात, लोकांना फितवतात म्हणतात. मला विचाराल तर त्या फेलोशिपवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ते लाजत नाहीत. मागतात, काय करायचंय ते सांगतात, आजारी माणसाच्या घरी त्याच आठवड्यात पोचतात. न शिकण्यासारखी गोष्ट पण आहे, बीज पेरा, शंभर पट मिळेल, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, हा जो सौदा लावलेला असतो तो. देवाशी एफडी काढल्यासारखं. आणि हिशोब तर तिथं बऱ्याचदा एका घरातच राहतो, नवरा पास्टर, बायको खजिनदार, मेव्हणा सेक्रेटरी. जुन्या चर्चकडे निदान घटना आहे, ऑडिट आहे, धर्मादाय कार्यालयात जाणारा कागद आहे, ज्याची नक्कल तुम्ही अर्ज करून मागू शकता. ही आपली जमेची बाजू आहे आणि आपण ती कधी सांगत नाही.

देण्याची ऐपत आणि दानत दोन्ही आपल्यात आहे हे बघायचं असेल तर कापणीच्या सणाला या. उपासना झाली की चर्चच्या आवारात लिलाव. बाजरीची कणसं, उसाची मोळी, पपई, भोपळे, घरची अंडी, पाय बांधलेला कोंबडा. एक नारळ पन्नासपासून सुरू होतो, कोणीतरी मुंबईहून आलेला जावई पाचशे म्हणतो, मग इकडचे भाऊसाहेब सातशे, मग ते प्रतिष्ठेवर जातं आणि दोन हजाराला सुटतो, घेणारा तोच नारळ परत अर्पण करतो आणि परत लिलाव. टाळ्या, हशा, बायका पण जोरात बोली लावतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो, वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस असतो. पण लिलावाच्या टेबलावर जो माणूस वही घेऊन बसतो त्यानं शेजारी वर्गणीचं रजिस्टर ठेवलं तर दिसेल, की नारळ दोन हजाराला घेणाऱ्याची गेल्या वर्षाची बाराशे बाकी आहे. लोक बघत असले की देतो. पाटी लागणार असली की देतो, वेदीमागच्या संगमरवराला, नव्या बाकांना, बेल टॉवरला पैसे कमी पडत नाहीत, दुबईहून, अमेरिकेहून येतात, आजोबांचं नाव कोरून मिळतं. पगाराच्या चेकवर आजोबांचं नाव कोरता येत नाही, म्हणून पाळकांचा पगार थकलेला आणि चर्चला मात्र इटालियन मार्बल.

आणि याचाच दुसरा तोटा, जिथं तीन-चार घरं निम्मा खर्च उचलतात तिथं पाळक त्या तीन-चार घरांचा होतो. त्याचा दोष नाही. पण त्या घरातल्या हुंड्यावर, दारूवर, गड्यांच्या बुडवलेल्या मजुरीवर तो पुलपिटवरून कधी बोलणार नाही. शंभर घरांनी थोडं थोडं वाढवून दिलेला पैसा हा एका दात्याच्या लाखापेक्षा चांगला, तो या कारणासाठी.

गरिबांचं काय, म्हणाल. आपल्या समाजात खरोखर हातावर पोट असलेली घरं आहेत आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, शीख आणि बौद्ध बांधवांना नंतर मिळाल्या, आपल्याला नाहीत. ही घरं मागं राहण्याचं ते एक खरं कारण आहे. त्यांच्याकडून दर वाढवून घ्या असं मी म्हणतच नाहीये, म्हणून तर ठरावीक दरालाच माझा विरोध आहे. शंभर रुपये मजुरीवर जाणाऱ्या बाईलाही आणि शंभरच बँक मॅनेजरलाही, हा कुठला न्याय? विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपण गरिबांना सांगतो. ती मंदिरात रोकड टाकणाऱ्या श्रीमंतांकडे बघून सांगितलेली गोष्ट आहे.

तरी गरीब देऊ शकत नाहीत हेही पूर्ण खरं नाही. मिझोराममधे प्रत्येक वेळी भात शिजवताना घरची बाई एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते, शंभराहून जास्त वर्षं हे चालू आहे, मंडळीतल्या बायका तो गोळा करतात, विकतात, आणि त्या मूठमूठ तांदळाचे वर्षाला कोट्यवधी रुपये होतात. त्यावर त्यांचे मिशनरी देशभर जातात. तिकडे तेलुगू भागात दोर्नाकलचे बिशप अझरायांच्या मंडळ्या, बहुतेक माला आणि मादिगा या दलित जातींतले भूमिहीन मजूर, त्यांनाही त्यांनी हेच शिकवलं की देणं हा आपला मान आहे, आपण फक्त घेणारे लोक नाही. १९१२ मधे ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले, त्या काळातली ही गोष्ट.

बाहेरच्या पैशाची वाट बघण्यात तर आता काहीच अर्थ राहिला नाही. २०२० मधे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, परदेशातून आलेला पैसा एका संस्थेनं दुसरीला देणं बंद झालं, परदेशी पैसा घ्यायचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, ऑफिसखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. हे चांगलं की वाईट तो वेगळा विषय, पण ते दार आता फारच अरुंद आहे. आणि हो, कोणीतरी विचारतंच म्हणून, निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर साधारणपणे इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही, त्यामुळे टॅक्स वाचेल या आशेनं देणार असाल तर राहू द्या.

मला हवंय ते फार नाही. ठरावीक दर काढून टाका. प्रत्येक कुटुंबानं वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर स्वतःचा आकडा लिहून द्यावा, कमाईच्या एक टक्क्यापासून सुरू करावं आणि दरवर्षी थोडं वाढवावं. नोकरीवाल्यांनी महिन्याला, शेतकऱ्यांनी कांद्याची पट्टी आली किंवा कारखान्याचं बिल जमा झालं की एकदम, त्यांना दर महिन्याला रजिस्टर घेऊन गाठू नये. आकडा फक्त खजिनदाराला माहीत, नोटीसबोर्डावर नावं लावायची नाहीत. थकबाकी आहे म्हणून कोणाच्या लग्नाची पुकार (लग्नाआधी चर्चमधे होणारी जाहीर घोषणा) किंवा कबरीची जागा अडवायची नाही, हा प्रकार जिथं चालतो तिथं तो आजच बंद झाला पाहिजे, मेलेल्या माणसाकडून वसुली करणारं चर्च मला नको. आणि तीन महिन्यांनी एक पान, जमा इतकी, खर्च इतका, पगार थकलाय की नाही, असेसमेंट गेलं की नाही, गाळ्यांचं भाडं किती आलं, सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर. गाळ्याच्या भाड्यातून रोजचा खर्च भागवायचा नाही, ते पैसे वेगळे ठेवायचे, दुरुस्तीला आणि पोरांच्या शिक्षणाला.

आमच्याकडे जनरल बॉडी एप्रिलमधे असते. हाच ठराव लेखी देणार आहे, माझ्या स्वतःच्या दोन टक्क्यांच्या चिठ्ठीसकट. सूचक म्हणून सही केलीय. अनुमोदक शोधतोय, तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले कल्पना चांगली आहे, पुढच्या वर्षी बघू.